हरिभाऊ आपटे : घर, बिऱ्हाड आणि कादंबरी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला

१. हरी नारायण आपटे यांच्या जीवनाची रूपरेषा सांगता येईल;
२. व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कौटुंबिक कादंबरी आणि हरिभाऊंची सामाजिक कादंबरी यांतील साम्य व भेद स्पष्ट करता येतील;
३. ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीतील घराची कल्पना विशद करता येईल;
४. लेखकाचे जीवन आणि त्याचे लेखन यांचा संबंध तपासताना कोणते तारतम्य बाळगावे, हे सांगता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या घटकाचा आरंभ आपण तीन साध्या शब्दांपासून करू : घर, बिऱ्हाड आणि संसार. इंग्रजीत जेथे एकच शब्द पुरतो, तेथे मराठीला हे तीन शब्द लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. येथील चाकरमान्याचे बिऱ्हाड मुंबईला असते. घर मात्र गावाला असते. बिऱ्हाड चाळीस वर्षे एकाच खोलीत असले, तरी गणपतीला माणूस घरी जातो तो गावालाच. घर हे कुळाचे असते, बिऱ्हाड हे सोयीचे असते आणि संसार हा नवराबायकोचा असतो. घरात राहूनही स्वतःचा संसार नाही, अशी स्थिती असू शकते; संसार उत्तम चालला आहे पण घर आपले नाही, अशीही असू शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका मराठी लेखकाने या तीन शब्दांमधील अंतराची कादंबरी लिहिली. त्याने कादंबरीचे तंत्र इंग्रजीतून घेतले होते. परंतु ज्या घराविषयी लिहिले ते घर इंग्रजी कादंबरीत कोठेही नव्हते. तो लेखक म्हणजे हरी नारायण आपटे. हरिभाऊंचा जीवनक्रम पाहताना आपण एक प्रश्न सतत समोर ठेवणार आहोत : ज्या घरात हरिभाऊ राहिले, त्या घराचा त्यांच्या कादंबरीशी काय संबंध होता?

२. बालपण आणि चुलत्यांचे घर

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. पुढील वाढ एकत्र कुटुंबात झाली आणि त्या कुटुंबाचे कर्तेपण चुलत्यांकडे होते. महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील. कर्तबगार, धर्मनिष्ठ आणि सढळ हाताचे असे हे गृहस्थ होते. हरिभाऊंचे आरंभीचे शिक्षण मुंबईत झाले. नंतर कुटुंबाबरोबर ते पुण्यास आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आईविना वाढलेले मूल ही व्हिक्टोरियन कादंबरीतील अतिशय परिचित व्यक्तिरेखा आहे. शार्लट ब्राँटेची जेन एअर पोरकी आहे; डिकन्सच्या डेव्हिड कॉपरफील्डचे वडील त्याच्या जन्मापूर्वीच गेलेले आहेत आणि आईही पुढे जाते. इंग्रजी कादंबरीतील असे मूल जगात एकटे पडते आणि एकटेपणातूनच स्वतःची वाट काढते. मराठी एकत्र कुटुंबात आई गेली तरी मूल एकटे पडत नसे. आजी, काकू, आत्या असत. जेवणाच्या पंगतीत पाट मांडलेलाच असे. मात्र या सुरक्षिततेचे मोल द्यावे लागे. घरातील कोणताही निर्णय अशा मुलाच्या हाती नसे, आणि ते मोठे झाले तरी बहुधा येत नसे. हरिभाऊंच्या बाबतीत हे पुढे कसे घडले, ते आपण पाहणार आहोत.

३. शाळा, गुरू आणि वाचन

१८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. ती स्थापण्यात पुढाकार घेणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्यापूर्वी रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक होते आणि तेथील नोकरीचा राजीनामा देऊन पुण्यास परतले होते. त्यांच्यासमवेत रत्नागिरीत जन्मलेले टिळक होते. लवकरच आगरकरही आले. हरिभाऊ या शाळेचे आरंभीचे विद्यार्थी. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री अकाली वारले, तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका लिहिली. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने आपल्या गुरूच्या भाषांतराचे सविस्तर आणि परखड परीक्षण केले. गुरूविषयी आदर बाळगूनही त्याच्या कृतीची चिकित्सा करता येते, हे ही शाळा शिकवीत होती.

महाविद्यालयात मात्र गणित आडवे आले. हरिभाऊंना पदवी मिळाली नाही. परंतु या काळात त्यांनी जे वाचले ते कोणत्याही पदवीपेक्षा मोलाचे ठरले. संस्कृत काव्यनाटके त्यांच्या आवडीची होतीच. त्यांबरोबर स्कॉट, डिकन्स, थॅकरे, जेन ऑस्टिन, रेनल्ड्स अशा इंग्रजी कादंबरीकारांचे त्यांनी भरपूर वाचन केले. जेन ऑस्टिन व स्कॉट हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणापूर्वीचे, म्हणजे १८३७ पूर्वीचे लेखक. इतर त्या राजवटीतील. हिंदुस्थानातील तरुण वाचकांपर्यंत मात्र हे सारे एकदमच आले.

त्या वेळी मराठी कादंबरीची स्थिती काय होती? बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हाच होता. परंतु त्यानंतर बहुतेक कादंबऱ्या अद्भुतरम्य मार्गाने गेल्या. राजपुत्र, राजकन्या, योगायोग आणि संकटातून सुटका, असे त्यांचे विश्व होते. माजघर, चूल, विहीर, सोवळ्याची वलणी यांना त्यांत स्थान नव्हते.

४. पहिला विवाह आणि कानिटकरांचा स्नेह

१८७९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, हरिभाऊंचा विवाह झाला. त्या काळी हे वय मुळीच विलक्षण नव्हते. पत्नीला लिहावाचावयास शिकवावे, ही हरिभाऊंची मनापासूनची इच्छा होती. पण ज्या घरात नवऱ्याने बायकोशी दिवसाउजेडी बोलणे हाच मर्यादाभंग समजला जाई, त्या घरात तिला शिकवावयाचे कसे? घरच्या वडीलधाऱ्यांना हे रुचणारे नव्हते.

या सुमारास त्यांचा स्नेह गोविंदराव आणि काशीबाई कानिटकर या दांपत्याशी जुळला. काशीबाई (१८६१–१९४८) विवाहानंतर शिकल्या होत्या आणि घरातील बोलणी सोसून शिकल्या होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. मराठीतील आरंभीच्या स्त्रीकादंबरीकार म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील निबंधाचे मराठी भाषांतर गोविंदरावांनी केले. हरिभाऊ आणि काशीबाई एकमेकांचे लेखन वाचत, पत्रांतून त्याची चर्चा करीत. परपुरुष आणि परस्त्री यांच्यातील असा वाङ्मयीन स्नेह तेव्हा जवळजवळ अपरिचित होता. हरिभाऊंच्या मृत्यूनंतर त्यांचे चरित्र, पत्रे आणि आठवणी काशीबाईंनीच ग्रंथरूपाने जतन केल्या.

या स्नेहाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. स्त्रियांच्या माजघरातील बोलणे पुरुष लेखकाला बहुधा दारापलीकडूनच ऐकू येई. शिकलेल्या, लिहित्या स्त्रीशी बरोबरीच्या नात्याने झालेली चर्चा ही हरिभाऊंना लाभलेली दुर्मीळ संधी होती.

५. ‘मधली स्थिति’ ते ‘करमणूक’

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिचा आराखडा रेनल्ड्सच्या लंडनविषयक रहस्यप्रधान कादंबरीवरून घेतलेला होता. लंडनच्या गल्ल्यांऐवजी पुण्याचे वाडे आले, तेथील व्यसनी तरुणांऐवजी नवशिक्षित पुणेरी तरुण आले. जुने सुटले आहे आणि नवे अद्याप हाती आलेले नाही, अशा पिढीची ती कथा. उसन्या आराखड्यात आपला समाज बसविताना काय होते, हे या लेखनात हरिभाऊंना उमगले असावे; कारण पुढील सामाजिक कादंबऱ्यांत त्यांनी असा आराखडा उसना घेतला नाही.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. येथे व्हिक्टोरियन इंग्लंडशी असलेले साम्य पाहण्यासारखे आहे. डिकन्सने १८५० मध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ हे साप्ताहिक काढले; त्याच्या नावातच घर होते आणि घरातील सर्वांनी एकत्र बसून ते वाचावे, ही त्यामागील दृष्टी होती. ‘करमणूक’ही कुटुंबासाठीच होती. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ जे वादविवादाने सांगत, ते गोष्टीच्या रूपाने घरात पोहोचवावे, हा हरिभाऊंचा हेतू होता. वृत्तपत्रातील अग्रलेख ओटीवरचे पुरुष वाचत. गोष्ट मात्र माजघरापर्यंत जाऊ शकत होती. हे साप्ताहिक त्यांनी १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे चालविले.

क्रमशः प्रकाशनाचा कादंबरीच्या घडणीवरही परिणाम होतो. दर आठवड्याला एक प्रकरण वाचणारा वाचक कथेतील माणसांबरोबर वर्षानुवर्षे राहतो. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० ते १८९३ या काळात आली. ती सुरू असतानाच १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्यात आले. या कायद्यावरून पुण्यात वादळ उठले होते. ‘करमणूक’च्या वाचकांना त्याच दिवसांत यमू नावाच्या एका मुलीचे आयुष्य आठवड्यागणिक उलगडताना दिसत होते.

६. यमूचे घर

कादंबरीची कथा यमूच स्वतः सांगते. आत्मचरित्राचे हे रूप ‘जेन एअर’ (१८४७) आणि ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९–५०) यांनी लोकप्रिय केले होते. परंतु पुरुष लेखकाने एका मराठी ब्राह्मण बालविधवेच्या मुखाने सगळी कादंबरी सांगावी, हे नवे होते.

यमूचे माहेर पुण्यातले. वडील करारी, आई सोशीक, भाऊ प्रेमळ. आई जाते, वडील वयाने अगदी लहान असलेल्या मुलीशी पुन्हा लग्न करतात. मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला वाईट नवरा येतो. यमूचा नवरा रघुनाथराव मात्र सुशिक्षित, मायाळू आणि सुधारणेच्या मताचा आहे. तो तिला शिकवितो. पुढे मुंबईत दोघांचे बिऱ्हाड होते. यमू पुस्तके वाचू लागते, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांशी तिचा स्नेह जुळतो, चार माणसांत ती बोलू लागते. हा तिच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा भाग. मग रघुनाथराव वारतो. यमू पुन्हा पुण्याच्या सासरच्या घरी येते. तेथे शंकरमामंजी हा दांभिक नातलग तिचे बळजबरीने केशवपन घडवून आणतो. त्या आघातातून ती सावरत नाही.

आता या कथेची तुलना इंग्रजी कौटुंबिक कादंबरीशी करा. बहुतेक व्हिक्टोरियन कादंबऱ्यांत कथा विवाहाशी संपते. नायिका अनेक घरांतून फिरते, अखेर तिला स्वतःचे घर मिळते आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. यमूच्या कथेत विवाह हा शेवट नसून आरंभ आहे, आणि स्वतःचे म्हणता येईल असे ठिकाण कथेच्या मध्यावर येऊन निघून जाते. ते घर नव्हतेच. ते बिऱ्हाड होते. रघुनाथरावाच्या पगारावर आणि त्याच्या श्वासावर ते उभे होते.

याला अपवाद असणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्याही आहेत. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१–७२) नायिका डोरोथिया ही लवकरच विधवा होते. तिच्या नवऱ्याने मृत्युपत्रात अट घातलेली असते की, तिने अमुक एका पुरुषाशी पुनर्विवाह केल्यास तिला संपत्ती मिळणार नाही. डोरोथिया ती संपत्ती सोडते आणि त्याच पुरुषाशी विवाह करते. मृत नवऱ्याचा अंमल तेथेही आहे. पण त्याचे मोल चुकवून दारातून बाहेर पडता येते. यमूपुढे असे दार नाही. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता मिळाली होती खरी. पण अविभक्त कुटुंबातील विधवेचा हक्क पोटगीपुरताच होता आणि ती स्थिती १९३७ च्या कायद्यापर्यंत टिकली. सोडावयास संपत्तीच नव्हती. आणि बाहेर पडावयाचे तर जावयाचे कोठे? इंग्रजी नायिकेला घर सापडत नाही, ही अडचण असते. यमूची अडचण अशी की, घर तिला सोडीत नाही.

कादंबरीच्या भाषेकडेही लक्ष द्या. त्या काळची स्त्री नवऱ्याचे नाव घेत नसे. ‘स्वारी’, ‘तिकडे’, ‘इकडून’ असे शब्द आणि ‘येणे झाले’, ‘जेवण झाले’ अशा कर्ता लपविणाऱ्या रचना ती वापरी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा केवळ आदर नव्हे. सासूबाई, मामंजी, वन्सं या प्रत्येक संबोधनात बोलणाऱ्या स्त्रीची घरातील पायरी ठरलेली असते. सून वाक्याचा कर्ता मोकळेपणाने उच्चारू शकत नाही, कारण घरातही कर्तेपण तिच्याकडे नसते. हे व्याकरण हरिभाऊंनी जसेच्या तसे टिपले. मराठी गद्याला तोपर्यंत पंडिती वळण होते; त्यात माजघरातील बोली एवढ्या विस्ताराने प्रथमच आली. यमूला लिहावयास येऊ लागते आणि ती स्वतःची कथा स्वतः सांगते, यातच कादंबरीची खरी घटना आहे. घरात जिला उत्तर देता येत नाही, ती कागदावर ‘मी’ म्हणते.

७. लेखकाचे घर

१८९१ मध्ये, म्हणजे ही कादंबरी क्रमशः चालू असतानाच, हरिभाऊंची पहिली पत्नी वारली. पुढील वर्षी त्यांचा दुसरा विवाह झाला. तो विधवेशी झाला नाही. रूढ रीतीने झाला. ज्या लेखकाने बापाच्या दुसऱ्या लग्नाचे चित्र काढून वाचकांच्या मनाला चटका लावला होता, विधवेच्या दुःखाला वाचा दिली होती, त्याच्याच घरात हे घडले.

याचा अर्थ कसा लावावा? एक उत्तर सोपे आहे : बोलणे एक आणि करणे एक. पण या उत्तरावर थांबणे अभ्यासकाला शोभणार नाही. तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

पहिले न्यायमूर्ती रानडे यांचे. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते अग्रणी. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. त्या मुलीला मात्र त्यांनी शिकविले, आणि तिने, म्हणजे रमाबाई रानडे यांनी, पुढे हजारो स्त्रियांसाठी काम उभे केले. दुसरे डिकन्सचे. चुलीपाशी जमलेल्या सुखी कुटुंबाची चित्रे ज्याने घराघरांत पोहोचविली, त्याने १८५८ मध्ये बावीस वर्षांच्या संसारानंतर दहा मुलांच्या आईला, आपल्या पत्नीला, वेगळे काढले आणि त्याविषयीचे निवेदन आपल्याच साप्ताहिकात छापले. तिसरे उदाहरण तुमच्या जिल्ह्यातील आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नीही १८९१ मध्येच वारली. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे यमूची कथा पूर्ण होत आली त्या वर्षी, त्यांनी देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई या बालविधवेशी पुण्यात विवाह केला. गोदूबाई तेव्हा पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. या विवाहानंतर मुरुडने कर्व्यांवर बहिष्कार घातला. स्वतःच्या घरी त्यांना परक्यासारखे राहावे लागले. पण १८९६ मध्ये त्यांनीच अनाथ बालिकाश्रम काढला, आणि यमूसारख्या मुलींना जावयाचे कोठे, या प्रश्नाचे एक उत्तर प्रत्यक्षात उभे राहिले.

कर्व्यांचे धैर्य हरिभाऊंनी दाखविले नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र दोघांच्या स्थितीतील फरकही पाहा. कर्व्यांचे बिऱ्हाड त्यांच्या स्वतःच्या नोकरीवर चालत होते. हरिभाऊंचा चरितार्थ, त्यांचे कामकाज आणि राहण्याची जागा चुलत्यांच्या घराशी बांधलेली होती. १८८८ मध्ये महादेव चिमणाजींनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह आणि ग्रंथप्रकाशन हे तिचे कार्य. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. चुलते १८९४ मध्ये वारले, तरी त्यांनी घालून दिलेली घडी तीच राहिली. याच आनंदाश्रमाने अपरार्काच्या टीकेसह याज्ञवल्क्यस्मृती प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या धर्मशास्त्राच्या आधारे यमूच्या हक्कांचा निवाडा होत असे, त्याचे ग्रंथ जेथून निघत, त्याच आवारात यमूच्या कथेचा लेखक काम करीत होता.

हरिभाऊ घरात कर्ते नव्हते. जे त्यांना घरात करता आले नाही, ते त्यांनी कादंबरीत सांगितले. म्हणून यमूच्या कथेत सुधारकी भाषणांपेक्षा हतबलतेचे वर्णन अधिक खरे उतरले आहे. रघुनाथरावाचे चांगुलपण तिला वाचवू शकत नाही. चांगला नवरा मिळणे हा उपाय नव्हे, कारण घराची रचनाच बदललेली नाही. ही गोष्ट ज्याने स्वतःच्या घरात अनुभवली त्यालाच इतक्या स्पष्टपणे दिसली, असे म्हणता येईल. हे त्यांच्या वर्तनाचे समर्थन नाही. त्यांच्या कादंबरीतील सत्याचे ते स्पष्टीकरण आहे.

८. पुढील कार्य आणि अखेर

‘पण लक्षात कोण घेतो!’नंतर आलेल्या ‘मी’ या कादंबरीचा नायक भावानंद स्वतःचा संसार न मांडता लोकसेवेला वाहून घेतो. ना कुळाचे घर, ना दोघांचे बिऱ्हाड. ध्येयाने एकत्र आलेल्या माणसांचा आश्रम ही येथे तिसरी शक्यता म्हणून पुढे येते. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५ मध्ये स्थापन झाला, हे लक्षात घेतले की या कल्पनेचे द्रष्टेपण ध्यानात येईल. यांखेरीज ‘यशवंतराव खरे’, ‘मायेचा बाजार’, ‘भयंकर दिव्य’ या सामाजिक, तर ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ यासारख्या कथांमुळे मराठी लघुकथेच्या आरंभकाळातही त्यांचे नाव अग्रभागी आहे.

‘करमणूक’ने इतरांसाठीही दार उघडे ठेवले. मालगुंडचे केशवसुत हे हरिभाऊंचे समकालीन. १९०५ मध्ये केशवसुत वारल्यावर त्यांच्या विखुरलेल्या कविता एकत्र करून १९१७ मध्ये त्यांचा संग्रह हरिभाऊंनी प्रसिद्ध केला. आज तुम्ही मालगुंडला कविस्मारक पाहावयास जाता, तेव्हा त्या कवितेला पहिले ग्रंथरूप देणाऱ्या कादंबरीकाराचेही स्मरण ठेवा.

पुण्याच्या नगरपालिकेत हरिभाऊंनी दीर्घकाळ काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषविले. प्लेगच्या दिवसांत ते लोकांच्या मदतीस उभे राहिले. १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत त्यांनी मराठीचा उगम आणि विकास या विषयावर व्याख्याने दिली. ज्याला पदवी मिळाली नव्हती, त्याला विद्यापीठाने भाषेवर बोलावयास बोलाविले. माजघरातील बोली इतक्या सूक्ष्मपणे ऐकणाऱ्या लेखकाला तो अधिकार होताच. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

९. समारोप

हरिभाऊंनी इंग्रजी कादंबरीकडून पुष्कळ घेतले : क्रमशः लेखनाची शिस्त, आत्मकथनाचे रूप, रोजच्या जगण्यातील बारकावे नोंदविण्याचा धीर. परंतु व्हिक्टोरियन कादंबरीचा शेवट त्यांनी घेतला नाही, कारण तो मराठी घरात खरा ठरला नसता. घर आणि संसार एक होणे हे तेथील कथेचे ध्येय. हरिभाऊंची कथा या दोहोंतील अंतरात घडते. त्या अंतराचे दुःख त्यांनी पाहिले, सांगितले आणि स्वतःच्या आयुष्यात ते ओलांडू शकले नाहीत. या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण आणि अनेकजणी घर सांभाळून, कामावरून परतल्यावर रात्री हा अभ्यास करीत असतील. कादंबरी वाचताना मध्येच उठून आपल्या घराकडे पाहा. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर; यांपैकी कोणत्या जागेत कोणाचा शब्द चालतो? घरातील सुनेला पुस्तक घेऊन बसावयाचे झाले, तर ती कोठे बसते? यमूच्या काळापासून किती बदलले आणि किती उरले, याचे उत्तर तुम्हांला तेथेच मिळेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘घर’, ‘बिऱ्हाड’ आणि ‘संसार’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करून त्याआधारे यमूच्या जीवनाचे टप्पे सांगा.
२. डोरोथिया आणि यमू या दोन विधवांच्या स्थितीची तुलना करा.
३. ‘करमणूक’ साप्ताहिकाचा हेतू सांगून क्रमशः प्रकाशनाचा कादंबरीवर होणारा परिणाम लिहा.
४. हरिभाऊंचा दुसरा विवाह आणि कर्व्यांचा पुनर्विवाह यांच्या संदर्भात लेखकाचे जीवन व लेखन यांच्या संबंधाची चर्चा करा.
५. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलून, पूर्वी नवऱ्याचा व सासरच्या माणसांचा उल्लेख त्या कोणत्या शब्दांनी करीत, याची नोंद करा आणि त्या शब्दांतून दिसणारी घरातील श्रेणीव्यवस्था दहा ओळींत मांडा.